खालच्या स्थितीतून सुटका : कुस्ती व जुजुत्सू ह्यांतील मूलतत्त्वांचा तौलनिक विचार

१. विषयप्रवेश

पराभवाचा आशय व्यक्त करणारे जे वाक्प्रचार मराठीत रूढ आहेत, त्यांपैकी पुष्कळसे कुस्तीच्या हौद्यातून आलेले आहेत. ‘पाठ लावणे’, ‘चीतपट करणे’, ‘चारी मुंड्या चीत करणे’, ‘अस्मान दाखविणे’ हे प्रयोग आपण राजकारणापासून साहित्यचर्चेपर्यंत सर्वत्र करतो. त्या सर्वांचा गाभा एकच आहे. ज्याची पाठ जमिनीला टेकली आणि ज्याच्या डोळ्यांसमोर आकाश आले, तो हरला. भाषेने स्वीकारलेला हा निर्णय आखाड्यात वाढलेल्या मल्लाच्या अंगातही तितकाच मुरलेला असतो. तोल जाऊ लागताच तो विचार न करता पोटावर पालथा होतो.

जपानी जुजुत्सू, त्यातून निघालेला जूडो आणि ब्राझीलमध्ये वाढलेली जुजुत्सूची शाखा ह्या विद्यांत मात्र उताणे पडणे म्हणजे पराभव नव्हे. तेथे ती लढतीची एक अवस्था आहे आणि त्या अवस्थेतून सुटण्याचे स्वतंत्र शास्त्र आहे. आखाड्यातील विद्यार्थी ह्या विद्येकडे वळतो तेव्हा त्याची सर्वांत जुनी आणि सर्वांत पक्की सवयच त्याला अडचणीत आणते. प्रस्तुत लेखात खालच्या स्थितीतून सुटण्याची मूलतत्त्वे कोणती, ती कुस्ती व जुजुत्सू ह्यांत कोठे एक होतात आणि कोठे परस्परांपासून दूर जातात, आणि त्यांचे अध्यापन कोणत्या क्रमाने व्हावे, ह्यांचा विचार करावयाचा आहे. वाशीम जिल्ह्यासारख्या, आखाड्याची परंपरा असलेल्या परंतु साधनसामग्री मर्यादित असलेल्या प्रदेशात हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. प्रारंभीच्या काही महिन्यांत खाली दबून राहण्याचा अनुभव असह्य झाल्यामुळे अथवा मान दुखावल्यामुळे विद्यार्थी विद्या सोडून जातो. तो जातो तो बहुधा बळाच्या अभावी नव्हे, तर सुटकेचे शिक्षण वेळेवर न मिळाल्यामुळे.

२. परंपरेची पार्श्वभूमी

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला आजचा वाशीम जिल्हा वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा ह्या सहा तालुक्यांचा आहे. येथील कापसाची काळी जमीन ओली झाली की चिकटते आणि वाळली की भेगाळते. त्यामुळे कुस्तीच्या हौद्याला ती सोयीची नाही आणि तांबड्या मातीची निवड करावी लागते. ही बाब वरवर किरकोळ दिसते. परंतु पृष्ठभागाचे घर्षण हा सुटकेच्या तंत्रातील एक महत्त्वाचा घटक असल्याने पुढील विवेचनात तिचा पुन्हा संबंध येईल.

मल्लविद्येचा शास्त्रीय विचार आपल्याकडे नवा नाही. कल्याणीच्या चालुक्य वंशातील तिसरा सोमेश्वर ह्याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ ह्या ग्रंथात मल्लविनोदाचे प्रकरण असून त्यात मल्लांचे वय, देह व बळ ह्यांवरून वर्ग पाडलेले आहेत. गुजरातेतील ज्येष्ठीमल्लांच्या परंपरेशी निगडित ‘मल्लपुराण’ ह्या संस्कृत ग्रंथाची संपादित आवृत्ती बडोद्याच्या प्राच्यविद्यामंदिराने १९६४ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच बडोद्याहून १९३६ ते १९४९ ह्या काळात दहा खंडांचा मराठी ‘व्यायामज्ञानकोश’ बाहेर पडला. वऱ्हाडापुरते बोलावयाचे तर अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून ह्या क्षेत्रात कार्य करीत असून १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके तेथे सादर केली होती.

जपानमध्ये जिगोरो कानो (१८६०–१९३८) ह्यांनी १८८२ मध्ये कोडोकान ही संस्था स्थापून जुन्या जुजुत्सूच्या शाखांतून जूडोची रचना केली. त्यांचे शिष्यपरंपरेतील मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचले. त्यांच्याकडून ही विद्या ग्रेसी कुटुंबाकडे गेली आणि तेथे जमिनीवरील झुंजीचा भाग विशेष विकसित झाला. जूडोचा ऑलिंपिकमध्ये १९६४ साली टोकियो येथे, तर जुजुत्सूचा आशियाई क्रीडास्पर्धांत २०१८ साली जकार्ता येथे प्रथम समावेश झाला. अशा रीतीने दोन भिन्न परंपरा आज एकाच विद्यार्थ्याच्या अंगावर एकत्र येऊ लागल्या आहेत.

३. ‘खालची स्थिती’ ही संज्ञा

‘खाली’ असणे म्हणजे काय, ह्याचे उत्तर शरीरशास्त्र देत नाही. ते नियम देतात. हा मुद्दा प्रथम स्पष्ट केल्याशिवाय सुटकेचा विचार करता येणार नाही.

मातीवरील पारंपरिक कुस्तीत दोन्ही खांदे जमिनीला टेकले की निकाल लागतो. पालथा पडलेला मल्ल अडचणीत असतो, पण हरलेला नसतो. आंतरराष्ट्रीय मुक्तशैलीच्या कुस्तीत चीत होणे हाच अंतिम पराभव असला तरी त्याआधी गुणांची साखळी आहे. प्रतिस्पर्ध्याला खाली आणून कब्जा घेतल्यास २ गुण, त्याची पाठ जमिनीकडे वळविल्यास २ गुण आणि खालच्या मल्लाने उलटून स्वतः कब्जा मिळविल्यास १ गुण. गुणांतील अंतर १० झाले की लढत तेथेच संपते. महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती व गादी अशा दोन्ही विभागांतील विजेते अंतिम लढतीत समोरासमोर येतात. तेव्हा आपल्या मल्लाला ह्या दोन्ही पद्धतींचे भान ठेवावेच लागते.

जूडोमध्ये प्रतिस्पर्ध्याला उताणे दाबून २० सेकंद धरून ठेवल्यास पूर्ण विजय मिळतो. परंतु ह्या मुदतीत खालच्याने वरच्याचा एक पाय आपल्या दोन्ही पायांत अडकविला तर पकड सुटली असे मानतात. ब्राझिलियन जुजुत्सूत दाबून धरण्याने लढत संपत नाही. छातीवर बैठक मिळविल्यास ४ गुण, पाठीवर कब्जा घेऊन दोन्ही पाय आत अडकविल्यास ४ गुण, खालच्याच्या पायांचे कुंपण ओलांडल्यास ३ गुण असा हिशेब असतो. खरा शेवट गळ्याच्या अथवा सांध्याच्या पकडीने, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने थाप देऊन हार मानल्याने होतो.

ह्या तुलनेतून एक महत्त्वाची विसंगती पुढे येते. कुस्तीत पालथे होणे हा आश्रय आहे. जूडोत तो तात्पुरता आश्रय आहे, कारण वरच्याची प्रगती थांबली तर पंच लढत उभी करतात. ब्राझिलियन जुजुत्सूत मात्र पालथे होणे म्हणजे आपली पाठ व गळा प्रतिस्पर्ध्याच्या स्वाधीन करणे होय. एकच शारीरिक क्रिया एका नियमात शहाणपणाची, दुसऱ्यात तात्पुरत्या उपयोगाची आणि तिसऱ्यात घातक ठरते. म्हणून ‘योग्य सुटका कोणती?’ असा प्रश्न सुटा विचारण्यात अर्थ नाही. ‘कोणत्या धोक्यातून सुटका?’ असे विचारले पाहिजे.

४. सुटकेची यांत्रिक मूलतत्त्वे

नियम भिन्न असले तरी देह तोच आहे आणि गुरुत्वाकर्षणही तेच आहे. त्यामुळे सर्व सुटकांच्या मुळाशी काही समान तत्त्वे आढळतात. त्यांचा क्रमशः विचार करू.

(अ) प्रथम रक्षण, नंतर सुटका. खाली सापडलेल्या नवशिक्याची पहिली ऊर्मी वरच्याला दोन्ही हातांनी ढकलून देण्याची असते. हात सरळ झाले की कोपराचा सांधा पकडीस मोकळा होतो आणि गळाही उघडा पडतो. गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्यास सुमारे दहा सेकंदांत शुद्ध हरपू शकते. म्हणून कोपरे बरगड्यांना चिकटलेली, हनुवटी खाली आणि हात गळ्याजवळ, ही पहिली अवस्था. येथे काहीही ‘करावयाचे’ नसते. होऊ द्यावयाचे नाही, एवढेच असते.

(आ) स्नायूंऐवजी हाडांचा आधार. कमाल ताकदीचे स्थिर आकुंचन काही सेकंदांतच ओसरू लागते आणि निम्म्या ताकदीचे सुमारे एक मिनिट टिकते. त्यामुळे वरच्याचे वजन दंडाच्या बळावर तोलून धरणे हा हरण्याचाच एक सावकाश प्रकार होय. घराचे छत तोलून धरणारा खांब दमत नाही, कारण तो भार सरळ जमिनीत पोहोचवितो. त्याचप्रमाणे पुढील हाताचे हाड प्रतिस्पर्ध्याच्या मानेशी अथवा कमरेशी टेकवून, कोपर आपल्या देहाशी जोडून ठेवल्यास भार हाडांतून जमिनीकडे जातो. ह्या रचनेला आपण ‘टेकू’ म्हणू. टेकूचे काम वरच्याला उचलणे हे नसून दोन देहांमधील अंतर आणखी कमी होऊ न देणे हे असते.

(इ) दुसऱ्याला हलविण्यापेक्षा स्वतः हलणे. हे तत्त्व सर्वांत उपयोगी आणि सर्वांत उशिरा उमजणारे आहे. ७० किलोग्रॅम वजनाच्या मल्लाला उचलून बाजूला करणे ६० किलोग्रॅमच्या मल्लाला कठीण. परंतु स्वतःची कंबर वीतभर सरकविणे त्याला शक्य असते. त्यातही घर्षणाचा हिशेब आहे. उदाहरणादाखल असे समजू की, दोघांच्या एकत्रित १३० किलोग्रॅम भारापैकी ८० किलोग्रॅम खालच्याच्या कमरेवर येतो आणि घर्षणगुणक ०.५ आहे. तर कंबर सरकविण्यास सुमारे ४० किलोग्रॅम भाराएवढे बळ लागेल. खालच्याने टाचा रोवून कंबर क्षणभर उचलली आणि त्यामुळे ५० किलोग्रॅम भार खांदे व पाय ह्यांच्याकडे गेला, तर कमरेवर ३० किलोग्रॅम उरतो आणि लागणारे बळ १५ किलोग्रॅमवर येते. हे आकडे केवळ कल्पित आहेत. परंतु उचलण्याची क्रिया ही सुटका नसून सरकण्याची पूर्वतयारी आहे, हे त्यांवरून ध्यानात यावे. माती, गादी, कोरडे अंग, घामेजलेले अंग ह्यांनुसार घर्षणगुणक बदलतो. मातीत अंगाला माती लागल्याने पकड घट्ट होते, आणि म्हणूनच गादीवर सहज जमणारी निसटण्याची युक्ती हौद्यात अडते.

(ई) आधारक्षेत्र मोडणे. वरचा मल्ल ज्या बिंदूंवर टेकलेला असतो, त्यांनी बनलेल्या आकृतीला त्याचे आधारक्षेत्र म्हणता येईल. त्याचा गुरुत्वमध्य ह्या क्षेत्रावर असेपर्यंत तो पडत नाही. छातीवर बसलेल्याचे दोन गुडघे व पुढे टेकलेले दोन हात मिळून चौकोन तयार होतो. खालच्याने एका बाजूचा हात आणि त्याच बाजूचा पाय अडकवून टाकला की त्या बाजूचा टेकाच नाहीसा होतो. आता कितीही मोठा देह त्या दिशेने कलंडू शकतो. बैलगाडीचे एका बाजूचे चाक काढल्यावर ती कोणत्या बाजूस जाईल हे सांगावयास गणित लागत नाही.

(उ) वेळ. वरचा मल्ल स्थिर बसला असता सुटका सर्वांत महाग पडते. तो एका पकडीतून दुसरीकडे जात असताना, हात उचलताना, गुडघा बदलताना त्याचे आधारक्षेत्र क्षणभर लहान होते. सुटका त्या क्षणाची असते. म्हणून खालच्याने सतत धडपडू नये, परंतु निष्क्रियही राहू नये. श्वास चालू ठेवून वाट पाहणे हे एक कौशल्य आहे. छातीवर दाब असताना नवशिका श्वास रोखून धरतो आणि स्वतःच स्वतःला दमवितो. पोटाने, लहान लहान श्वास घेण्याचा सराव ह्यासाठी प्रथमपासून द्यावा.

५. तीन मूलभूत सुटका

वरील तत्त्वे प्रत्यक्षात कशी उतरतात हे तीन उदाहरणांनी पाहू.

पहिली, छातीवरील बैठकीतून कमान करून उलटणे. खालच्याने वरच्याचा एक हात दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरावा आणि त्याच बाजूच्या आपल्या पावलाने त्याचा पाय बाहेरून अडवावा. दोन्ही टाचा नितंबांजवळ आणाव्यात. नंतर कंबर प्रथम वर आणि मग अडविलेल्या बाजूच्या खांद्यावरून तिरपी न्यावी. येथे दोन चुका नेहमी होतात. एक म्हणजे कंबर न उचलता आडवे लोळण्याचा प्रयत्न, ज्यामुळे वरच्याचा गुरुत्वमध्य आधारक्षेत्राबाहेर जातच नाही. दुसरी म्हणजे डोक्याच्या टाळूवर भार घेणे. मानेवरची कमान हा कुस्तीतील जुना व उपयुक्त व्यायाम आहे. परंतु मान तयार नसलेल्या विद्यार्थ्याने दुसऱ्याचे वजन अंगावर असताना ती करणे धोक्याचे असते. नवशिक्याने कमान खांद्यावरच करावी, ह्यात तडजोड नसावी.

दुसरी, कोपर व गुडघा जुळवून निसटणे. हीच (इ) तत्त्वाची शुद्ध अभिव्यक्ती होय. खालचा एका कुशीवर वळतो, कोपराने वरच्याचा गुडघा अडवितो, कंबर मागे सरकवितो आणि मोकळ्या झालेल्या जागेत आपला गुडघा आत घालतो. मग दुसऱ्या बाजूस तेच. शेवटी वरचा मल्ल खालच्याच्या दोन्ही पायांमध्ये, म्हणजे पायांच्या कुंपणात येतो. उताणा असूनही खालचा आता सुरक्षित आहे, एवढेच नव्हे तर आक्रमणास समर्थ आहे. कुस्तीच्या भाषेत ह्या अवस्थेला नावच नाही, कारण तेथे ती अवस्था गौरवाची नाही.

तिसरी, बाजूच्या दाबातून सुटणे. वरचा छातीला छाती लावून आडवा पडलेला असतो. खालच्याने एक टेकू त्याच्या मानेशी व दुसरा त्याच्या कमरेशी लावावा, कंबर किंचित उचलून भार हलका करावा आणि कंबर बाहेर सरकवून गुडघा मध्ये आणावा. हे न जमल्यास दुसरा मार्ग म्हणजे वरच्याच्या बाजूकडे वळून त्याच्या काखेखाली हात घालणे आणि गुडघ्यांवर येऊन त्याचे पाय धरणे. हा दुसरा मार्ग आखाड्यातील विद्यार्थ्याला चटकन साधतो, कारण त्याचा शेवट ‘पट’ काढण्यात होतो. तेथे पोहोचला की तो आपल्या घरी असतो.

कोडोकानच्या ‘कातामे-नो-काता’ ह्या पंधरा तंत्रांच्या पाठात दाबून धरण्याच्या पाच पकडी, गळ्याच्या पाच व सांध्यांच्या पाच पकडी आहेत. त्या सादर करताना खालचा स्वस्थ पडून राहत नाही. दाबाच्या पकडींत तो ठराविक सुटकांचा प्रयत्न करतो आणि वरच्याने त्याला उत्तर द्यावयाचे असते. पकडीचे ज्ञान सुटकेच्या ज्ञानाशिवाय अपुरे आहे, हा विचार पाठाच्या रचनेतच बसविलेला आहे, हे अध्यापकांनी विशेष लक्षात घ्यावे.

६. कुस्तीतील खालची बाजू

ह्यावरून आपल्या कुस्तीत सुटकेचा विचार नाही असा समज होऊ नये. तो आहे, पण निराळ्या अंगाने. ‘घिस्सा’, ‘सवारी’, ‘हप्ते’, ‘मोळी’ हे डाव वरच्या मल्लाचे, आणि त्यांतील प्रत्येकाला तोड आहे. खालचा मल्ल गुडघे व तळहात रोवून आधारक्षेत्र रुंद करतो, कोपरे आत घेतो, वरच्याचा हात कमरेभोवती पूर्ण फिरू देत नाही. संधी मिळताच कंबर खाली नेऊन उठून उभा राहतो, ‘निकाल’ करून निसटतो अथवा वरच्याचा हात धरून त्याच्यासह लोळण घेत ‘गधालोट’ साधतो. रक्षण, आधार, स्वतःची हालचाल, आधारक्षेत्र मोडणे आणि वेळ ही पाचही तत्त्वे येथे दिसतात. फरक एवढाच की, सर्व रचना पाठ जमिनीपासून दूर ठेवण्याच्या उद्देशाभोवती उभारलेली आहे.

रक्षण आणि सुटका ह्यांतील भेद दाखविणारे एक ऐतिहासिक उदाहरण येथे उपयोगी पडेल. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडन येथे गामा आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को ह्यांची लढत झाली. झिबिस्को आरंभीच खाली गेला आणि अडीच तासांहून अधिक चाललेल्या त्या लढतीचा बहुतेक काळ गादीला चिकटून राहिला. गामाला त्याची पाठ लावता आली नाही आणि लढत अनिर्णित राहिली. परंतु झिबिस्को सुटलाही नाही. ठरलेल्या पुढील लढतीस तो उपस्थित राहिला नाही आणि विजय गामाकडे गेला. १९२८ मध्ये पतियाळा येथे दोघे पुन्हा भेटले तेव्हा गामाने त्याला एका मिनिटाच्या आत चीत केले. निव्वळ रक्षण वेळ मिळवून देते, स्थिती बदलत नाही, हा ह्या प्रसंगाचा बोध आहे. रक्षण ही पहिली पायरी आहे हे आपण वर पाहिले. तीच शेवटची पायरी ठरली की विद्या खुंटते.

७. सवयीचे संक्रमण : अडचण आणि लाभ

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आखाड्यातील विद्यार्थी जुजुत्सू शिकू लागतो तेव्हा त्याच्याजवळ काय असते? कमरेचे बळ, तोल, दम, आणि देहाच्या स्पर्शावरून प्रतिस्पर्ध्याचा हेतू ओळखण्याची शक्ती. ही पुंजी मोठी आहे. परंतु तिच्याबरोबर पालथे होण्याची सवयही येते. बाजूच्या दाबातून तो झटक्याने पोटावर वळतो, वरचा त्याच्या पाठीवर येतो आणि काही क्षणांत गळ्याची पकड बसते. विद्यार्थ्याला वाटते की आपले बळ कमी पडले. वस्तुतः त्याचे बळ चुकीच्या दिशेने पूर्णपणे यशस्वी झालेले असते.

उलट दिशेचे संक्रमणही विचारात घ्यावे. जुजुत्सू शिकलेला विद्यार्थी कुस्तीच्या हौद्यात उतरला आणि पायांचे कुंपण करण्याच्या ओघात निवांतपणे उताणा झाला, तर खांदे टेकताक्षणीच कुस्ती संपेल. तेव्हा एक सवय बरोबर आणि दुसरी चूक असा हा प्रश्न नाही. विद्यार्थ्याला दोन्ही ठिकाणी उतरावयाचे असेल तर त्याला सवयीच्या जागी निवड शिकविली पाहिजे. त्याचा उपाय म्हणजे प्रत्येक सुटकेबरोबर तिचे कारण सांगणे. ‘येथे पालथा होऊ नकोस’ एवढे सांगून भागत नाही. ‘येथे पालथा झालास तर गळा जाईल, हौद्यात झाला नाहीस तर पाठ जाईल’ असे सांगितले म्हणजे विद्यार्थी दोन्ही नियम एकाच वेळी मनात बाळगू शकतो.

आणखी एक अडचण मानसिक आहे. ब्राझिलियन जुजुत्सूच्या गुणपद्धतीत पायांच्या कुंपणातून प्रतिस्पर्ध्याला उलटविल्यास २ गुण मिळतात. परंतु छातीवरील बैठकीतून कमान करून वर आल्यास एकही गुण मिळत नाही. सुटकेचे बक्षीस म्हणजे केवळ सुटका. ज्या विद्येत यश फलकावर उमटत नाही तिच्याकडे विद्यार्थी आणि शिक्षक दोघांचेही दुर्लक्ष होते. वरच्या मल्लाचा डाव प्रेक्षकांना दिसतो, त्याला टाळी पडते. खालच्याने वीतभर कंबर सरकविली हे फक्त त्याच्या वस्तादाला दिसते. ते पाहून त्याच वेळी शाबासकी देणारा वस्ताद ज्याला लाभतो, तो विद्यार्थी टिकतो.

८. अध्यापनाचा क्रम

ह्या विवेचनावरून अध्यापनाचा पुढील क्रम सुचविता येईल.

प्रथम अवस्थेत एकट्याने करावयाच्या हालचाली घ्याव्यात. खांद्यावरची कमान, कुशीवर वळून कंबर मागे सरकविणे आणि तांत्रिक रीतीने उठून उभे राहणे, ह्या तीन हालचाली रोज जोर-बैठकांच्या आधी दहा मिनिटे पुरेत. जोर आणि बैठका ह्यांनी कमावलेली कंबर ह्या कामी चांगली उपयोगी पडते.

दुसऱ्या अवस्थेत जोडीदार वर असावा, परंतु त्याने प्रतिकार करू नये. त्याने केवळ वजन द्यावे. येथे विद्यार्थ्याने दाबाखाली श्वास घेण्याची सवय करावी. तिसऱ्या अवस्थेत वरच्याने दाबून धरण्याचाच प्रयत्न करावा, पकडी करू नयेत. खालचा सुटला की पुन्हा त्याच स्थितीपासून आरंभ करावा. एकेक डाव एक-दोन मिनिटांचा असावा आणि भूमिका आलटून पालटून द्याव्यात. चौथ्या अवस्थेत गळ्याच्या व सांध्याच्या पकडींना परवानगी द्यावी, आणि त्याआधी थाप देण्याचा नियम पूर्णपणे अंगवळणी पडलेला असावा. कुस्तीत वाढलेल्या मुलाला थाप देणे लाजिरवाणे वाटते. ती शरणागती नसून उद्याच्या सरावाची सोय आहे, हे वस्तादाने स्वतः थाप देऊन दाखवावे.

वजनाबाबत काळजी अवश्य घ्यावी. आरंभी जोडीदारांच्या वजनांत फार अंतर नसावे. तंत्र पक्के झाल्यावर मात्र मुद्दाम जड जोडीदार द्यावा, कारण हलक्या जोडीदारावर बळाने साधलेली चुकीची सुटकाही यशस्वी होते आणि चूक लपून राहते. मुलींच्या वर्गात हा क्रम विशेष महत्त्वाचा आहे. आपल्यापेक्षा जड देहाखालून निसटता येते हा अनुभव केवळ स्पर्धेपुरता उपयोगी नसतो.

साधनांचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. फेकण्याच्या डावांना जाड व विस्तीर्ण गादी लागते. सुटकेच्या सरावाला एका जोडीमागे साधारण दोन मीटर लांबी-रुंदीची सपाट जागा पुरते, कारण दोघेही आधीच जमिनीवर असतात आणि उंचावरून पडण्याचा धोका नसतो. कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यात कापसाच्या दाट भरलेल्या गाद्या सलग शिवून त्यांवर जाड कापड ताणून बसविणे कोणत्याही महाविद्यालयास अशक्य नाही. तेव्हा ज्या भागाकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते, तोच भाग सर्वांत कमी खर्चात शिकविता येतो.

९. समारोप

खालच्या स्थितीतून सुटण्याची मूलतत्त्वे कुस्ती व जुजुत्सू ह्यांत एकच आहेत : रक्षण, हाडांचा टेकू, स्वतःची हालचाल, आधारक्षेत्र मोडणे आणि योग्य वेळ. त्या तत्त्वांना दिशा देणारा हेतू मात्र नियमांतून येतो, आणि नियम बदलला की तीच हालचाल तारक अथवा मारक ठरते. म्हणून अध्यापनात तत्त्व आणि हेतू वेगळे करून शिकविणे हा ह्या लेखाचा मुख्य आग्रह आहे.

संशोधनास येथे पुष्कळ वाव आहे. माती, गादी व ताणलेले कापड ह्यांवरील घर्षणगुणकांचे प्रत्यक्ष मापन, आखाड्यातून आलेल्या व न आलेल्या विद्यार्थ्यांच्या पहिल्या सहा महिन्यांतील दुखापतींची नोंद, आणि जिल्ह्यातील जुन्या वस्तादांकडून खालच्या बाजूच्या डावांची व त्यांच्या तोडींची नावे त्यांच्या स्पष्टीकरणांसह गोळा करणे, ही तीन कामे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आपल्याच परिसरात राहून करता येण्याजोगी आहेत. त्यांतील तिसरे काम सर्वांत तातडीचे आहे. वरच्या मल्लाचे डाव छायाचित्रांत व स्पर्धांच्या वृत्तांतांत टिकून राहतात. खालच्याची विद्या बहुधा वस्तादाच्या हातातून पठ्ठ्याच्या अंगात जाते, आणि ती परंपरा तुटली तर लिहून ठेवलेले फार थोडे हाती लागेल.